ऑटोपे बंद करायला फोन करावा लागत नाही, तो मेसेज पुढे पाठवू नका

सोसायटीच्या ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय, की सबस्क्रिप्शनचं ऑटोपे एकदा चालू झालं की बँकही काही करू शकत नाही, ते कस्टमर केअरला फोन करूनच बंद होतं, आणि फोन नाहीच लागला तर अ‍ॅप डिलीट करा नाहीतर सरळ कार्ड ब्लॉक करा. खाली "सर्वांना पाठवा" आहेच. यातलं काहीच खरं नाही आणि एका सल्ल्याने तर खातं रिकामं होऊ शकतं, म्हणून लिहितेय.

बँक काही करू शकत नाही म्हणे. अहो, १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे नियम कडकपणे लागू आहेत, पैसे कापायच्या किमान २४ तास आधी तुम्हाला कळवायचं आणि मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायला आपण दिलेली परवानगी, कधीही ऑनलाइन रद्द करायची सोय तुमच्या बँकेने द्यायची, कंपनीची परवानगी लागत नाही. यूपीआयवरून लावलं असेल तर ज्या अ‍ॅपमधून लावलं तेच उघडा, गुगल पे, फोनपे दोन्हीत प्रोफाइलमध्ये ऑटोपे सापडतं, तिथे चालू असलेली सगळी मँडेट दिसतात, हवं ते कॅन्सल करा. इथे पिन मागतात आणि बरेच जण तिथेच घाबरून मागे फिरतात, कारण पिन टाकला की पैसे जातात हेच डोक्यात बसलंय. रद्द करायलाही पिन लागतो, फक्त स्क्रीनवर काय लिहिलंय ते नीट वाचून टाका. कार्डवर असेल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा नेटबँकिंगमध्ये कार्डाच्या सेटिंगजवळ बघा.

आता फोनचं. माझ्या आईने एक भजनांचं अ‍ॅप १ रुपयात सात दिवस म्हणून घेतलं, आठव्या दिवशी ४९९ गेले, आणि असाच मेसेज वाचून तिने इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधला, पहिला दिसला तो लावला, समोरचा गोड बोलून म्हणाला रिफंड देतो, हे स्क्रीन शेअरिंगचं अ‍ॅप टाका. मी नेमकी घरात होते म्हणून वाचलं. असे खोटे नंबर लोकांनी मुद्दाम पसरवून ठेवलेले असतात, त्यामुळे घरातल्या मोठ्यांना "फोन कर" सांगणं हा सगळ्यात वाईट सल्ला आहे. कोणी फसलंच असेल तर मात्र लगेच १९३० ला, म्हणजे सरकारच्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, तिथे वेळ घालवू नका.

अ‍ॅप डिलीट करून काहीच होत नाही, पैसे कापले जातातच. प्ले स्टोअरवरून घेतलं असेल तर प्ले स्टोअरच्याच प्रोफाइलमध्ये सबस्क्रिप्शन्स आहे, आयफोनला सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर टॅप करा, तिथे सबस्क्रिप्शन्स दिसेल.

कार्ड ब्लॉक केलं तर विम्याचा हप्ता, वीजबिल, जे जे त्या कार्डावर आहे ते सगळंच अडकेल.

एक गोष्ट मात्र मान्य, मँडेट रद्द केलं म्हणजे पैसे जायचे थांबले, पण जिमसारखा वर्षाचा करार असेल तर तो आपोआप संपत नाही, त्यांना ईमेल करा आणि स्क्रीनशॉट ठेवा. आणि रद्द करायचं बटण मुद्दाम लपवणं हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये १३ फसव्या प्रकारांपैकी एक म्हणून नोंदलेलं आहे, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या वेबसाइटवर तक्रार टाकता येते, तिथेही फोन करावा लागत नाही. कॉलरट्यूनसारखं काही मोबाइलच्या बॅलन्समधून कापत असेल तर १५५२२३ वर स्टॉप असा एसएमएस पाठवा (इंग्रजी अक्षरात).

त्या दिवशी आईच्या फोनमध्ये बसून बघितलं तर चार मँडेट चालू होती, त्यातली दोन कसली हे तिलाही आठवेना. पाच मिनिटांत चारही बंद केली, शेवटची दोन तिने स्वतः केली.