'वाटेल तिकडे' : एका प्रतिक्रियेला उत्तर

मंगोलियाच्या प्रवासावरच्या माझ्या लेखाखाली 'जुना वाचक' या नावाने एक खरमरीत प्रतिक्रिया आली आहे. तिथेच चार ओळी लिहायला बसले, पण त्यात मावेना, म्हणून हे लांबलचक उत्तर.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: "ही माणसं वाटेल तिकडे जातात, वाटेल तिथे बिऱ्हाड मांडतात" असं मी लिहिलं होतं. ते शहरी माणसाचं स्वप्नरंजन आहे, असं जुना वाचक म्हणतात. त्यांचे आजोबा दिवाळीनंतर फलटणच्या बाजूने मेंढरं घेऊन घाट उतरायचे. त्यांना कोणी "किती मोकळं आयुष्य तुमचं" म्हटलं असतं तर काठी घेऊन मागे लागले असते. शिवाय मी लोकांच्या घरी फुकट चहा पिऊन फोटो काढून आले. आणि ज्यांच्या घरावर सोलर आणि दारात मोटरसायकल, ते भटके कसले?

पहिला मुद्दा मान्य. मान खाली घालून मान्य, कारण ते वाक्य लिहिताना खरं काय ते मला ठाऊक होतं. वाक्य कानाला बरं लागलं आणि ठेवून दिलं.

अर्खांगाय प्रांतात, तारियातच्या पुढे, आम्ही एका कुटुंबाकडे दोन रात्री होतो. नदीकाठी दोन गेर (पांढऱ्या नमद्याची गोल घरं, यांनाच मी लेखात तंबू म्हटलं होतं), याकच्या वासरांना बांधायची दोरी, शेळ्यामेंढ्या समोरच्या उतारावर. मी यजमानांना विचारलं, इथून पुढे कुठे? त्यांनी हनुवटीने एक डोंगर दाखवला. ड्रायव्हरने भाषांतर केलं: "आमचा हिवाळा त्याच्या मागे आहे."

म्हणजे ठिकाण ठरलेलं. चार ऋतूंचे चार तळ, प्रत्येकाला वेगळा शब्द: उन्हाळ्याचा झुस्लान, शरदाचा नामर्जा, हिवाळ्याचा ओवोल्जो, वसंताचा खावर्जा. यांतला हिवाळ्याचा तळ म्हणजे जीव की प्राण. डोंगराच्या दक्षिण अंगाला, उत्तरेचा वारा अडेल असा. जनावरांसाठी तिथे पक्का आडोसा असतो आणि खाली वर्षानुवर्षं दाबलं गेलेलं शेण, त्याची ऊब. भोवतालचं गवत उन्हाळाभर राखायचं, कारण बर्फाखालून उकरून खायला जनावरांना तेच उरतं. कोणी उपऱ्याने जुलैत तिथे कळप घातला तर भांडण ठरलेलं. देशाच्या 1992 च्या राज्यघटनेने कुरणं खाजगी मालकीबाहेर ठेवली आहेत हे खरं, पण हिवाळी तळाचा ताबा कागदावर मिळतो, आणि कागद नसला तरी कुठला तळ कोणाचा हे पंचक्रोशीला माहीत असतं.

आणि 'वाटेल तिकडे' जाण्याची वेळ येते ती झुद पडला की, म्हणजे जनावरांचा जीव घेणारा हिवाळा आला की. उन्हाळ्यात पाऊस कमी, म्हणून जनावरं आधीच खंगलेली. मग खोल बर्फ, किंवा बर्फ वितळून परत गोठल्याने जमिनीवर बसलेला काचेसारखा थर. खुराने तो फुटत नाही. 2009-10 च्या झुदमध्ये 80 लाखांहून जास्त जनावरं गेली, 2023-24 मध्ये 70 लाखांहून जास्त. असं संकट दिसायला लागलं की माणसं कळप घेऊन लांबच्या, कधी दुसऱ्या प्रांतातल्या कुरणाकडे निघतात. त्याला ओतोर म्हणतात. तिथे आधीचे लोक असतात, त्यांना विचारावं लागतं, कधी ऐकूनही घ्यावं लागतं. तुमच्या आजोबांना हे मला समजावून सांगायची गरज पडली नसती.

आता चहा. इथे मी भांडणार आहे. गेरपाशी पोचल्यावर आपण "नमस्कार" म्हणत नाही, लांबूनच "नोखोइ खोर!" ओरडतो, म्हणजे कुत्री आवरा. (तिथली कुत्री पाहिल्यावर यामागचं शहाणपण पटतं.) मग आत जाऊन बसायचं, आणि कोणी काही विचारायच्या आत मीठ घातलेल्या दुधाच्या चहाचा वाडगा हातात येतो. पुढचं घर जिथे दहा किलोमीटरवर असतं तिथे हा हिशेबाचा भाग आहे: आज तू माझ्या दारात, उद्या वादळात मी तुझ्या. आम्ही राहण्याचे पैसे दिले, कणीक आणि तांदूळ नेले होते. पण ते लोक काही उद्या माझ्या कोथरूडच्या फ्लॅटवर चहाला येणार नाहीत, तेव्हा फेड झाली असं मलाही म्हणवत नाही. अर्धा मुद्दा तुमचा.

सोलरचा मुद्दा मात्र अजिबात पटला नाही. सरकारी योजनेतून 2012 पर्यंत सुमारे एक लाख पशुपालक कुटुंबांना अनुदानावर सोलर संच मिळाले. संच उतरवायचा, गेर सोडायचा, ट्रकवर चढवायचं, निघायचं. याहून भटक्या माणसाच्या कामाची वस्तू कोणती? मोटरसायकलवरून घोडे वळतात. आज मेंढरांमागे चालणाऱ्या धनगराच्या खिशात मोबाईल असतो, म्हणून त्याचं चालणं खोटं ठरतं का?

तुमच्या नजरेतून सुटलेली एक गोष्ट मीच सांगते. "इथे रस्ता नाही, फक्त दिशा आहे," असं मी मोठ्या कौतुकाने लिहिलं होतं. तारियातहून मुरुनकडे जाताना पुढे नुसत्या चाकोऱ्या होत्या. एक चाकोरी खड्ड्याची झाली की ड्रायव्हर शेजारून नवी पाडतो. काही ठिकाणी अशा दहा-बारा समांतर चाकोऱ्या मोजल्या, मधलं गवत गेलेलं, माती उघडी. आमच्या रशियन फुरगोनने, त्या करड्या डबा-गाडीने, त्यात भरच घातली. ज्या गवतावरून आडवे गेलो ते कोणाच्या हिवाळ्याचं होतं, हे आम्ही चौघांपैकी एकानेही विचारलं नाही.

लेखातलं ते वाक्य पुसलेलं नाही, त्यावर रेघ मारून खाली या उत्तराचा दुवा दिला आहे.

आणि आता माझा प्रश्न. आजोबा कोणत्या घाटाने उतरायचे? भाताच्या खाचरांत मेंढरं बसवल्याचा मोबदला धान्यात मिळायचा की पैशात, आणि दरवर्षी तेच शेतकरी असायचे का?