सगळं रिसर्च झालं म्हणजे सायन्स व्हिक्टरी झाली असं नाहीये

नाशिकच्या गेमिंग ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, की सिव्हिलायझेशन ६ या स्ट्रॅटेजी गेममध्ये नुसते कॅम्पस (सायन्स वाढवणारे शहराचे भाग) बांधत सुटा, टेक ट्री म्हणजे शोधांची यादी संपली की सायन्स व्हिक्टरी, म्हणजे सायन्सच्या वाटेने गेम जिंकलात. हे चुकीचं आहे आणि कॉलेज रोडची नवीन पोरं हेच वाचून हरतायत म्हणून लिहितोय.

सायन्स फक्त दार उघडतं, पुढचं सगळं प्रॉडक्शनवर, म्हणजे शहर किती पटकन बांधतं त्यावर. गॅदरिंग स्टॉर्म हे एक्सपान्शन असेल तर आधी स्पेसपोर्ट (यान सोडायचा तळ), मग सॅटेलाइट, चंद्र, मंगळ आणि शेवटी एक्सोप्लॅनेट मोहीम, आणि यान सुटलं तरी जिंकत नाही कारण त्याला ५० प्रकाशवर्षं जायचंय, वेग टर्नला (एका पाळीला) १ प्रकाशवर्ष, म्हणजे काहीच केलं नाही तर ५० टर्न नुसतं बघत बसायचं! लेझर स्टेशनचे प्रोजेक्ट करा, प्रत्येकी वेग १ ने वाढतो, ९ केले की वेग १०, मग तेच अंतर ५ टर्नमध्ये.

त्यामुळे प्रॉडक्शन वाढवणारे इंडस्ट्रियल झोन आधीपासून बांधा, चांगल्या प्रॉडक्शनच्या शहरांत, आणि जमलं तर दुसरा स्पेसपोर्टही. बाकी कॅम्पस डोंगरालगत टाका हा सल्ला बरोबरच आहे.

आणि प्लीज, स्पेसपोर्टवर आपला एक स्पाय बसवा, शत्रूचा स्पाय येऊन तो बंद पाडतो, हे त्या मेसेजमध्ये कुठेच नाही.