मिशन हॉस्पिटल 'लोकांचं' कसं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर, प्रतिक्रिया कडक होती, दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की मिरजेचं वॉन्लेस हॉस्पिटल परदेशी पैशावर धर्मप्रसारासाठी निघालं, त्याला मी माझ्या लेखात 'लोकवर्गणीतून उभं राहिलेलं लोकांचं हॉस्पिटल' म्हणून मोकळा झालो, आणि बेळगाव जिल्ह्यातला असून बेळगावच्या केएलई या शिक्षण संस्थेच्या हॉस्पिटलबद्दल एक ओळ लिहिली नाही.

लोकवर्गणीचं तुमचं बरोबर, ते माझ्याकडून लिहिण्याच्या भरात गेलं. जागा मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनी दिली आणि इमारतीचा पैसा फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स यांचा, म्हणजे बाल्डविन रेल्वे इंजिन कारखान्याच्या मालकांपैकी एकाचा (मिरजेसारख्या जंक्शनला इंजिनवाल्याचा पैसा यावा, गंमतच की). डॉ. विल्यम वॉन्लेस कॅनडात जन्मलेले, प्रेस्बिटेरियन या ख्रिस्ती पंथाच्या मिशनचे, 1889 ला भारतात आले, 1894 ला हॉस्पिटल उघडलं. धर्मप्रसार हा हेतू होताच, ते काय लपवायची गोष्ट नाही.

पण सर, आमचं गाव शेडबाळच्या बाजूला. तिथनं मिरज म्हणजे मधे एक विजयनगर स्टेशन की आलंच, आणि बेळगाव शंभर किलोमीटरच्या वर. आमच्या आज्ज्याचा मोतीबिंदू 'मिशनात'च काढला, वॉन्लेस हॉस्पिटल असं आमच्यात कोण म्हणतच नव्हतं. आज्जी चटणी-भाकरीचं गाठोडं आणि स्टो घेऊन गेली, आठ दिवस तिथंच राहिली. शेजारच्या खाटेवर रायबागकडचा कन्नड माणूस, त्याच्या बायकोला मराठी येईना, हिला कन्नड बाजारापुरतं, तरी दोघी एकाच स्टोवर चहा करायच्या. सकाळी वॉर्डात प्रार्थना व्हायची, आज्जी हात जोडून ऐकायची, आणि घरी आल्यावर आषाढीला पंढरपूर नेहमीसारखं. धर्मांतर कुठं झालंच नाही असं मी म्हणत नाही, आमच्या घरातलं सांगतोय.

म्हणून मी 'लोकांचं' म्हणालो. पैसा कुणी दिला ते एकदा झालं, पण पिढ्यान् पिढ्या पेशंट घेऊन कुडची, उगार, कागवाड, अथणीची माणसं गेली, त्यातनं ते वाढलं. 1897 ला तिथंच मेडिकल स्कूल निघालं, टीबीच्या पेशंटसाठी सांगलीच्या वाटेवर सॅनेटोरियम झालं, त्यावरनंच वानलेसवाडी हे नाव, आता तिथं घर घेणाऱ्या कितीजणांना ते माहीत असेल देव जाणे. 1928 ला डॉक्टर परत गेले, 1933 ला वारले, दवाखाना चालूच राहिला.

केएलईचं म्हणाल तर संस्था 1916 ची, पण सुरुवात शाळेपासनं, मेडिकल कॉलेज 1963 ला. त्याच्या आदल्याच वर्षी मिरजेत सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. म्हणजे बेळगावात कॉलेज निघायच्या आधी साठ-सत्तर वर्षं आमच्या भागातलं बाळंतपण अडलं, खडा झाला, पोट फुगलं की गाडी मिरजेचीच धरायची. राज्याची सीमा 1956 ला बदलली, रेल्वेलाईन नाही बदलली. केएलईवर लिहायचंय मला, पण ते बेळगाव, खानापूरकडच्या माणसानं लिहिलं तर जास्त बरं, तुम्हीच का लिहित नाही? इथं टाकतो मी.

लेखातला 'लोकवर्गणीतून' शब्द काढलाय. 'लोकांचं' ठेवलंय.