पावसाळ्यातली उन्हाळी

मागच्या जुलैची गोष्ट. तीन दिवसांपासून झड लागली होती, नाल्याचं पाणी पुलावर आलेलं. अशात एक पोट्टा रेनकोट न काढताच दुकानात शिरला. आधीचं गिऱ्हाईक जाईपर्यंत पावडरचे डबे न्याहाळत उभा राहिला. मग खाली मान घालून म्हणाला, "भाऊ, उन्हाळी लागली जी. काही गोळी द्या ना."

बाहेर धो-धो पाऊस आणि याला उन्हाळी.

आमच्या यवतमाळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा अर्ध्या गावाला उन्हाळी लागते, लघवीला आग होते, लोक धने-जिऱ्याचं पाणी पितात आणि बरे होतात. जुलैतली उन्हाळी वेगळी असते, संबंधातून लागलेली. मेडिकल चालवणाऱ्या कोणालाही विचारा, हा शब्द ऐकला की त्याला लगेच समजते.

मी १९ वर्षांपासून मेडिकल चालवतो. गाव हैदराबाद हायवेपासून थोडं आत आहे. वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी हा आमचा पट्टा. यातली बरीच वर्षं मी अशा पोट्ट्यांना कागदाच्या पुडीत पाच दिवसांच्या गोळ्या बांधून दिल्या. चिठ्ठी विचारली नाही, दुसरं काहीच विचारलं नाही. 'पाणी जास्त पी' एवढं सांगायचो. आपण पोराची लाज राखली असंच वाटायचं. आज ते आठवलं की माझीच मान खाली जाते. परमा, म्हणजे गनोरिया, असेल तर अर्धवट औषधाने आग थांबते, पू थांबतो, पण रोग आत राहू शकतो आणि पुढच्या वेळी तीच गोळी लागू पडेल याची खात्री राहत नाही. गरमी, म्हणजे सिफिलिस, तर त्याहून लबाड. तिची जखम दुखत नाही आणि काही आठवड्यांत काही न करता आपोआप भरून येते. माणूस म्हणतो, गेलं. ती गेलेली नसते, रक्तात असते. शिवाय ज्याला असा आजार आहे त्याला एचआयव्ही लागण्याचा धोका वाढतो. आणि जिच्यासोबत संबंध आला तिचं काय? ती तर माझ्या काऊंटरपर्यंत आलीच नव्हती. दोघांचा उपचार सोबत झाला नाही तर आजार या घरून त्या घरी फिरत राहतो.

सरकारी दवाखान्यात याच आजारांसाठी रंगीत पाकिटं असतात. करडं, हिरवं, पांढरं, निळं. लक्षणं पाहून डॉक्टर पाकीट देतात, जोडीदारासाठीही देतात, फुकट देतात. 'सुरक्षा क्लिनिक' नावाची पाटीही असते. पण गावच्या पोट्ट्याला त्या पाटीखाली उभं राहायचं नसतं. तो माझ्याकडे येतो आणि उन्हाळी म्हणतो.

दुसरं सांगतो. दुकानात मागणी असते ती ७२ तासांच्या गोळीला. गर्भ राहू नये म्हणून घ्यायची ती. सातवी शिकलेल्या पोट्ट्यालाही तिचं नाव, भाव, कधी घ्यायची, सगळं पाठ असते. निरोधाच्या एका पाकिटामागे या गोळ्या कितीतरी जास्त जातात माझ्याकडे. म्हणजे भीती आहे, पण ती पोट वाढण्याची, कारण पोट दिसते. ती गोळी एचआयव्ही अडवत नाही, परमा अडवत नाही, गरमी अडवत नाही, हे सांगितलं तर समोरचा माझ्याकडे असा पाहतो की मीच काहीतरी वाईट बोललो.

आणि गंमत पहा. एचआयव्हीसाठीही एक ७२ तासांचा हिशोब आहे, तो कोणालाच माहीत नाही. जोखीम झाली असं वाटलं, निरोध फाटला, कोणी जबरदस्ती केली, तर ७२ तासांच्या आत औषध सुरू करता येते आणि ते २८ दिवस घ्यावं लागते. त्याला 'पेप' म्हणतात. जितकं लवकर तितकं चांगलं. माझ्याकडे ते मिळत नाही, त्यासाठी एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणारं सरकारी केंद्र, किंवा जिल्ह्याचा सरकारी दवाखाना गाठावा लागतो. दुसऱ्या दिवशी रक्त तपासून 'निगेटिव्ह' आलं म्हणून पेढे वाटणारेही पाहिलेत मी. इतक्या लवकर तपासणीत काही दिसतच नाही. काही आठवडे जावे लागतात आणि खात्रीसाठी तीन महिन्यांनी परत तपासावं लागते.

माहिती कमी आहे, हे खरंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २१.६ टक्के आणि पुरुषांपैकी ३०.७ टक्के लोकांनाच एचआयव्हीची पुरती माहिती होती. पण जो येतो तो म्हणतो, जनजागृती करा. १ डिसेंबरला, एड्स दिनाला, रॅली निघते, लाल फिती टोचतात, रांगोळी स्पर्धा होते, सरपंच दोन शब्द बोलतात. मी स्वतः त्या रॅलीला बिस्किटं दिलीत. रॅलीतल्या पोट्ट्यांना रोगाचं नाव माहीत आहे. निरोध माहीत आहे. तो घ्यायचा कुठून, हे मात्र कोणी सांगत नाही, कारण त्याचं उत्तर गावाजवळ नाही.

गावात आडोसा नाही, मला एवढंच म्हणायचं आहे.

नीट विचार करा. आशाताईजवळ निरोध फुकट असतात, पण आशाताई त्या पोट्ट्याची चुलतकाकू असते. मेडिकल माझं, आणि मी त्याच्या बापासोबत भजनात टाळ वाजवतो. आमच्याकडच्या एका आरोग्य केंद्रात निरोधाचा डबा बाहेर भिंतीला लावला, चांगलं केलं. नंतर कोणीतरी तिथेच वर सीसीटीव्ही लावला. डबा वर्षभर तसाच भरलेला. तालुक्याला रक्त तपासायला जायचं तर खोलीवर पाटी, पाटीखाली बाक आणि बाकासमोरून अख्खा बाजारचा दिवस चाललेला. बाकावर बसलेल्याची बातमी तो घरी पोचायच्या आधी गावात पोचते. आतली समुपदेशक ताई कितीही चांगली असो. कायद्याने तिने कोणालाच सांगायचं नसते आणि ती सांगतही नाही. बाक मात्र सांगतो.

म्हणूनच आमच्याकडे एचआयव्हीच्या गोळ्या चालू असलेली माणसं जवळचं केंद्र सोडून दुसऱ्या जिल्ह्यात जातात. बसभाडं आणि एक दिवसाची मजुरी बुडवून. कापूस वेचणीच्या दिवसांत तो खाडा काय असतो, ते शेतमजुरालाच विचारा. औषध २००४ पासून फुकट आहे. २०१७ पासून तर निदान झालं की लगेच सुरू होते, तब्येत ढासळायची वाट पाहावी लागत नाही. रोज एक गोळी. नियमित घेतली आणि तपासणीत विषाणू सापडेनासा झाला, की त्या माणसाकडून संबंधातून लागण होत नाही. तो शेती करतो, लग्न करतो, पोरं होतात. गावाच्या डोक्यात मात्र अजून तीच जुनी भिंत आहे, कवटीचं चित्र आणि खाली 'एड्सला औषध नाही'. ती भिंत रंगवून घेणाऱ्यांचा हेतू चांगला असेल. पण तिच्यामुळे माणसं तपासायलाच गेली नाहीत.

अजून एक जुनी समजूत आहे, की हा ट्रकवाल्यांचा रोग. आम्ही हायवेवाले, त्यामुळे बोट दाखवायला ढाबे तयारच असतात. पण आता पोट्टेच बाहेर असतात. चाकणच्या कंपनीत, हैदराबादच्या बांधकामावर, मिरची तोडायला तेलंगणात. एका खोलीत आठ जण, हातात मोबाईल, आणि मोबाईलवर जे दिसते तेच त्यांचं शिक्षण. शाळेत दहावीला प्रजननाचा धडा येतो तेव्हा गुरुजी म्हणतात, 'हा घरी वाचा.' २००७ साली आपल्या राज्यात शाळेतल्या लैंगिक शिक्षणावरून गदारोळ झाला आणि ते बंद केलं गेलं. त्या वर्षी दहावीत असलेली पोरं आता बाप झाली आहेत, आणि आपल्या लेकराला काय सांगायचं हे त्यांनाही माहीत नाही.

पोरींबद्दल लिहायला मी कोण? पण माझ्या बायकोसमोर त्या बोलतात, म्हणून थोडं लिहितो. गरोदर बाईचं रक्त तपासतात, ते बरोबरच आहे. आईला एचआयव्ही असून उपचार नसतील तर १०० पैकी १५ ते ४५ बाळांना लागण होऊ शकते, उपचार असले तर ५ पेक्षाही कमी. पण नवऱ्याचं रक्त कधी तपासतात? त्याला बोलावलं तरी तो 'मले काय झालं' म्हणतो. मग रोग घरात पहिल्यांदा निघतो तो तिच्या नावाने, आणि सासू म्हणते, हिनेच आणला. पांढरं पाणी, खाज, ओटीपोटात दुखणं हे तर बाईचं नशीबच समजतात. आपल्या विदर्भातल्याच गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या बायका तपासल्या. १९८९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. १०० पैकी ९२ जणींना कुठला ना कुठला स्त्रीरोग वा लैंगिक आजार होता, आणि त्याआधी तपासणी झाली होती फक्त ८ जणींची. इतकी वर्षं झाली. आमच्या गावात आजही बाई म्हणते, 'एवढ्यासाठी कोण दवाखान्यात जाते वं?' आणि सतरा वर्षांची पोरगी असेल तर दवाखानाच आधी पोलिसांचा विचार करतो, कारण अठराच्या आतलं प्रकरण कायद्याने कळवावं लागते. कायदा पोरीच्या भल्यासाठीच आहे, पण त्या भीतीने ती येतच नाही.

आता माझी कबुली. सात-आठ वर्षांपूर्वी एक पोट्टा निरोध मागायला आला, असेल १९-२० वर्षांचा. दुकानात चार-पाच माणसं होती. मी मोठ्याने म्हटलं, "लगन झालं का बे तुयं?" सगळे हसले, मीही हसलो. तोही हसला, 'दोस्तासाठी पाहिजे' म्हणाला आणि न घेताच गेला. त्यानंतर तो माझ्या दुकानात आला नाही. आता त्याचं घर आहे, दोन पोरं आहेत, आणि डोकं दुखलं तरी गोळी तो दुसऱ्या गावातून आणतो.

जुलैतल्या त्या पोट्ट्याला मी गोळी दिली नाही. काऊंटरच्या आत बोलावलं, स्टूल दिला, चहा मागवला. तालुक्याला कोणाला भेटायचं, बाजाराचा दिवस टाळून कधी जायचं, सोबत तिलाही का न्यायचं, ते सांगितलं. १०९७ हा एचआयव्हीच्या मदतीचा फुकटचा नंबर लिहून दिला, तिथे नाव न सांगता बोलता येते. तो गेला की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

दुकानात एक बदल मात्र केला. निरोधाची पाकिटं माझ्या पाठीमागच्या कपाटातून काढली आणि दाराजवळ, ब्रश-टूथपेस्टच्या रॅकमध्ये ठेवली. किंमत वर लिहून. उचला, पैसे ठेवा, जा. तोंडातून शब्द काढायची गरज नाही. पहिल्याच आठवड्यात एक काकाजी येऊन रागावले, "हे काय मांडून ठेवलं बे पोराबाळांसमोर?" मी म्हटलं, काकाजी, टूथपेस्टच आहे. ते ज्या नजरेने पाहून गेले, ती बायको अजून नक्कल करून दाखवते.

गेल्या महिन्यात हिशोब जुळवला तर त्या रॅकमधली पाच पाकिटं पैसे न देता गेलेली. बायको म्हणते, तिथे एक कॅमेरा लावून टाका.

नाही लावत.