घरात अडकलेल्या गरोदर बाईने नुसतं पडून रहायचं म्हणे!

परत तोच मेसेज फिरतोय. गरोदरपणात बाहेर पडता येत नसेल तर सरळ बेडरेस्ट घ्या, घरातल्या घरात केलेला व्यायाम काही उपयोगाचा नाही, हात डोक्यावर नेले की नाळ बाळाच्या मानेला गुंडाळते आणि व्यायाम करताना आईचा हार्टरेट १४० च्या वर गेला की बाळाला धोका. एकेक बघू.

बेडरेस्टचं आधी, कारण खरा तोटा इथेच होतो. पडून राहिलं की वेळेआधी डिलिव्हरी टळते असं वाटतं, पण तसा पुरावा मिळालेला नाही, म्हणून तर अमेरिकेतली स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना एसीओजी सुद्धा सरसकट बेडरेस्ट देऊ नका म्हणते. उलट या काळात रक्त एरवीपेक्षा लवकर गोठतं, पायाच्या शिरेत गुठळी व्हायचा धोका आधीच चार-पाच पट असतो, त्यात दिवसभर पलंगावर पडून आपणच तो अजून वाढवायचा का? स्नायू आणि हाडं कमजोर होतात ते वेगळंच.

घरातला व्यायाम फुकट? डब्ल्यूएचओने २०२० मध्ये गरोदर बायकांसाठी आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम हालचाल सांगितली, आणि एका वेळी सलग १० मिनिटं तरी हवीतच ही जुनी अट काढून टाकली. म्हणजे खोलीतल्या खोलीत फेऱ्या, खुर्चीतून उठबस, भिंतीला हात लावून पुशअप, उभ्या उभ्या टाचा वरखाली, जमेल तेव्हा पाच-पाच मिनिटं केलं तरी ते धरलं जातं.

नाळेचं तर सोडूनच द्या. बाळ पोटात गरागरा फिरतं त्याने ती गुंडाळली जाते, तीन-चार बाळांमागे एकाला असतेच आणि बहुतेकांना काही होत नाही. आईने वरच्या फळीवरचा डबा काढला म्हणून नाही!

१४० चा आकडा एसीओजीने १९८५ मध्ये दिला होता, आणि १९९४ मध्ये तिनेच तो मागे घेतला. आता साधी खूण सांगतात, व्यायाम करताना बोलता यायला हवं.

हां, वार (प्लासेंटा) गर्भाशयात खाली असेल, पिशवीच्या तोंडाला टाका घातला असेल, बीपी वाढलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही सुरू करू नका, आणि पाचव्या महिन्यानंतर पाठीवर झोपून करायचे प्रकार टाळा. रक्तस्राव, पाणी जाणं, चक्कर, छातीत दुखणं किंवा एकाच पोटरीला सूज आली तर लगेच थांबा आणि दवाखाना गाठा, अशा वेळी मेसेज वाचत बसू नका.