चार वर्षांत ताऱ्यावर नेणारा फॉरवर्ड

माझा भाचा दहावीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्याने थर्माकोलचे यान केले, खाली स्टीलची ताटली बसवली, मध्ये बॉलपेनच्या स्प्रिंगा लावल्या आणि शेजारच्या तक्त्यावर घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलेला मजकूर जसाच्या तसा उतरवला: अमेरिकेचे ‘ओरायन’ हे अणुबॉम्बवर चालणारे यान १९६५ साली तयार होते, ते चार वर्षांत सर्वांत जवळच्या ताऱ्यावर पोहोचणार होते, त्यात किरणोत्सर्गाचा धोका मुळीच नव्हता आणि तेल कंपन्यांनी ते दडपले. यान छान झाले आहे. तक्ता मात्र फाडावा लागेल.

आधी ती चार वर्षेच पाहू. सूर्याखालोखाल आपल्याला सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षे दूर आहे, म्हणजे तिथवर जायला खुद्द प्रकाशालाच जवळजवळ सव्वाचार वर्षे लागतात आणि फॉरवर्डमधले यान त्याच्याही आधी पोहोचते! (हा मजकूर पुढे ढकलणाऱ्यांत दोन निवृत्त शिक्षक आहेत.) ओरायनवर स्वतः काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन यांनी खरा हिशेब ऑक्टोबर १९६८च्या ‘फिजिक्स टुडे’ मासिकात मांडला आहे. यानाचे वजन चार लाख टन, त्यांपैकी तीन लाख टन निव्वळ बॉम्बचे. प्रत्येकी एक टनाचे हे तीन लाख हायड्रोजन बॉम्ब साधारण दर तीन सेकंदांना एक याप्रमाणे दहा दिवस यानामागे फुटत राहणार, प्रत्येक धक्का मागची तबकडी झेलणार, आणि एवढा खटाटोप करून वेग मिळणार सेकंदाला १०,००० किलोमीटर, म्हणजे प्रकाशाच्या वेगाचा तिसावा हिस्सा. प्रवासाला लागणार सुमारे १३० वर्षे. तीही ताऱ्याजवळून तसेच पुढे निघून जायचे असेल तर, कारण वेग कमी करायला लागणारे बॉम्ब या हिशेबात धरलेलेच नाहीत.

‘तयार यान’ म्हणाल, तर नोव्हेंबर १९५९मध्ये सॅन दिएगोजवळ पॉइंट लोमा येथे एक मीटर व्यासाची प्रतिकृती उडाली, तीही साध्या रासायनिक स्फोटकांवर. ती २३ सेकंद हवेत राहिली आणि पॅराशूटने खाली आली. अणुस्फोटावर ओरायन कधीच उडाले नाही.

किरणोत्सर्गाबद्दलचे विधान मात्र नुसते चूक नाही, बेजबाबदार आहे. सुरुवातीच्या आराखड्यात यान जमिनीवरूनच उडणार होते, म्हणजे पहिले स्फोट वातावरणातच होणार आणि त्यांची किरणोत्सारी धूळ कुणाच्या तरी शेतावर, पाण्यावर पडणार. प्रत्येक उड्डाणापायी किती माणसे दगावतील, याचा अंदाज डायसन यांनीच बांधला होता.

एवढे मान्य करतो की ओरायन भौतिकशास्त्राच्या नियमांत बसत होते आणि तंत्र जमले नाही एवढ्याच कारणाने ते बंद पडले नाही. वातावरणात, अंतराळात आणि पाण्याखाली अणुस्फोट करण्यावर १९६३च्या कराराने बंदी आली. १९६५मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात या प्रकल्पाचा मृत्युलेख लिहिताना डायसन यांनी चौघांना जबाबदार धरले: संरक्षण खाते, नासाचे प्रमुख, चाचणीबंदी कराराचे पुरस्कर्ते आणि एकूण वैज्ञानिक समुदाय. या यादीत तेल कंपनी एकही नाही.