‘फाईल वाचणं म्हणजे कादंबरी वाचणं नव्हे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

साहेब,

तुम्ही नाव न देता ‘एक निवृत्त लेखाधिकारी’ एवढीच सही केली आहे, म्हणून साहेबच म्हणते.

मागच्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते सगळ्यांनी वाचलं नसेल, म्हणून आधी थोडक्यात सांगते. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या सैनिकांच्या विधवांना पेन्शनसाठी काय काय करावं लागलं, यावर मी सारा ऑस्बॉर्न या बाईची गोष्ट लिहिली होती. तुमचं म्हणणं असं: कायद्याचं साल मी चुकवलं. सरकारी पैसा द्यायचा तर पुरावा मागणारच, त्यात अन्याय कसला? साराला तर नवरा सोडून गेला होता आणि तिने दुसरं लग्न केलं होतं, मग पहिल्याच्या नावावर पैसे कशाला? पेन्शनच्या आशेने म्हाताऱ्या सैनिकांशी लग्न करणाऱ्या तरुण मुलींबद्दल मी गप्प का? आणि शेवटी, ‘बाई, फाईल वाचणं म्हणजे कादंबरी वाचणं नव्हे. तुम्ही जन्मात एकही प्रकरण हाताळलेलं दिसत नाही.’

सालाची चूक झाली, मान्य. १८३२चा कायदा सैनिकांसाठी होता. सैनिक वारला तर त्याच्या मृत्यूपर्यंतची थकबाकी विधवेला मिळे, तेवढ्यावरून माझा घोटाळा झाला. विधवांना त्या धर्तीवर स्वतःची पेन्शन देणारा कायदा ४ जुलै १८३६चा. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता त्या शेवटच्या वाक्याबद्दल. लेखातल्या एखाद्या विधानाला तुम्ही खोडून काढलं असतंत तर मी निमूट ऐकलं असतं. पण तुम्ही मला ‘बाई’ म्हणून, मला कागद वाचता येत नाही असं गृहीत धरून बोललात. हाच लेख एखाद्या पुरुषाने लिहिला असता तर त्याला कादंबरी आठवून दिली असती का? तुमच्या एकतीस वर्षांच्या नोकरीचा मला आदर आहे. टेबलाच्या त्या बाजूला बसलात म्हणून कागदावर मालकी तुमचीच, हे मात्र मी मान्य करणार नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने या युद्धाच्या पेन्शन आणि जमीन-अनुदानाच्या सुमारे ऐंशी हजार फायली जपून ठेवल्या आहेत. त्यांची पानं संगणकावर बघता येतात आणि जुनं हस्ताक्षर वाचून टंकून द्यायला जगभरातले स्वयंसेवक बसतात. मी त्यांतली एक. चौदा महिने झाले, रात्री जेवणं आटोपली की दोन तास हेच करते. फाईलीवर ‘डब्ल्यू’ असेल तर विधवेचा अर्ज मंजूर, ‘आर’ असेल तर नामंजूर. आतलं हस्ताक्षर कोर्टाच्या कारकुनाचं असतं आणि जबानी ‘साक्षीदार असं सांगते की’ अशा तिसऱ्या पुरुषात. शेवटी कारकुनाने बाईचं नाव लिहिलेलं असतं आणि नाव-आडनावाच्या मधोमध तिने स्वतः काढलेली फुली. लिहिता येत नव्हतं, म्हणून फुली. काही फुल्या इतक्या कापऱ्या असतात की दोन रेघा एकमेकींना धड छेदतही नाहीत. हे वाचताना डोळ्यांत पाणी येतं, खरं आहे. त्याने अक्षर चुकीचं लागत नाही.

साराचीच जबानी घ्या. २० नोव्हेंबर १८३७, पेनसिल्व्हेनियातली वेन काउंटी, वय ८१. १७८० साली ऑल्बनीत तिने ॲरन ऑस्बॉर्न नावाच्या लोहाराशी लग्न केलं. तो तिला न सांगता सैन्यात भरती झाला आणि तिने बरोबर यावं म्हणून मागे लागला. गाडी नाहीतर घोडा मिळेल असं वचन मिळालं, तेव्हा ती निघाली. कंपनीचा कॅप्टन ग्रेग. त्याच्या डोक्याची कातडी पूर्वी शत्रूने सोलली होती. अधूनमधून त्याचं चित्त ठिकाणावर नसे, मग तो हिला विचारी, ‘सारा, माझं डोकं कुठे सोललंय ते तू पाहिलंस का?’ आणि डोकं दाखवी. सत्तावन्न वर्षांनंतर कोर्टात उभं राहून एक म्हातारी हे सांगते. मनाने रचणाऱ्याला हे सुचत नाही साहेब. जवळ उभं राहिलेल्यालाच हे ठाऊक असतं.

एकदा नवरा तोफा चढवायला गेला म्हणून त्याचा कोट घालून, बंदूक घेऊन ती पहाऱ्यावर उभी राहिली. जनरल वॉशिंग्टनने येऊन विचारलं, तुला इथे कोणी उभं केलं? ती म्हणाली, ‘ज्यांना तसा अधिकार होता त्यांनी, साहेब.’ यॉर्कटाऊनला, जिथे इंग्रज फौज शेवटी शरण आली, ती सैनिकांचे कपडे धुवायची, शिवायची, खंदकात मांस, पाव आणि कॉफी नेऊन द्यायची. तोफगोळ्यांची भीती वाटत नाही का, असं वॉशिंग्टनने तिथेही विचारलं. त्यावर तिचं उत्तर होतं की माणसांनी लढायचंही आणि उपाशीही राहायचं, हे जमायचं नाही. शरणागतीच्या दिवशी इंग्रजांच्या ढोलांवर काळे रुमाल होते. पुढे चालणारा त्यांचा सेनापती जाडजूड, भरल्या चेहऱ्याचा, गालांवरून आसवं ओघळत होती. तो तिथल्या इंग्रज फौजेचा मुख्य सेनापती कॉर्नवॉलिस नव्हता, कॉर्नवॉलिसला मी नंतर पाहिलं, तो ठेंगणा आणि तिरळा होता, हेही ती बजावून सांगते. आत्मसमर्पणाला कॉर्नवॉलिस आजारपणाचं कारण सांगून आला नव्हता आणि त्याने हाताखालच्या जनरल ओ’हाराला पाठवलं होतं, हे इतिहासात आहेच.

आता तुमचं ‘पुरावा मागितला त्यात चूक काय’. पुरावा मागू नये असं मी कुठे लिहिलंय? लेखातलं एक वाक्य दाखवा. मी लिहिलं ते असं, की पुरावा ज्याच्याकडे असायला हवा होता त्याच्याकडचा नाहीसा झाला आणि भार पडला बाईवर. नोव्हेंबर १८००मध्ये वॉशिंग्टन शहरात युद्धखात्याच्या कचेरीला आग लागली आणि तिथले कागद जळाले. नवऱ्याने नोकरी केली हे सिद्ध करायला साक्षीदार शोधायचा, तर बरोबरचे लोक मेलेले. त्यातून १८३६च्या कायद्याची अट अशी की लग्न त्याची सैन्यातली शेवटची मुदत संपण्याआधी झालेलं हवं. शांततेचा तह १७८३चा, कायदा त्यानंतर ५३ वर्षांनी. युद्ध चालू असताना विशीत नवरी झालेली मुलगी तोवर पंचाहत्तरीत पोचलेली. १८३८मध्ये लग्नाची तारीख १७९४च्या आधीपर्यंत वाढवली, १८४८मध्ये १८००च्या आधीपर्यंत, आणि १८५३मध्ये तारखेची अटच काढून टाकली. म्हणजे जी अट पुढे काढून टाकता आली, तिच्यासाठी आधी बायकांना परत पाठवलं गेलं. वाट बघता बघता ज्या गेल्या त्यांचं काय, एवढाच माझा प्रश्न होता. तुमच्या प्रतिक्रियेत त्याला उत्तर नाही.

लग्नाचा दाखला म्हणून बायकांनी काय पाठवलं? घरच्या बायबलात लग्नाच्या, जन्माच्या, मृत्यूच्या तारखा लिहून ठेवायची त्यांची रीत. ते पान फाडून वॉशिंग्टनला पाठवायचं. स्कॅनमध्ये पानाची डावी कड दिसते, शिवणीतून ओढून काढलेली, दातेरी. ती पानं अजून फायलींतच आहेत.

‘जन्मात एकही प्रकरण हाताळलेलं नाही’ म्हणालात ना? हाताळलंय. माझ्या आईचं.

वडील सरकारी नोकरीत होते. १९९४ला हृदयविकाराने अचानक गेले, आई तेव्हा ४७ची, मी बारावीत. आईचं माहेरचं नाव सुशीला. लग्नात तांदळात अंगठीने नाव लिहून वैजयंती केलं, तसं आपल्याकडे चालायचंच. वडिलांनी सर्व्हिस बुकात कोणत्या मनःस्थितीत कोण जाणे, सुशीला लिहून ठेवलं होतं. रेशनकार्डावर वैजयंती. झालं. सुशीला आणि वैजयंती एकच हे सिद्ध करा. ती कचेरी कुठली हे मी लिहिणार नाही. एकोणीस महिने मी आईबरोबर एसटीने जात होते, कारण साहेबांसमोर तिला शब्द फुटायचा नाही. तलाठ्याचा दाखला आणा, प्रतिज्ञापत्र आणा, दोन प्रतिष्ठितांच्या सह्या आणा. लग्नाची नोंदणी त्या काळी कोण करत होतं? शेवटी मावशीच्या ट्रंकेत तळाशी १९६८ची लग्नपत्रिका सापडली. गुलाबी कागद, वर गणपती, ‘चि. सौ. कां. सुशीला’, आणि कोपऱ्यावर लावलेलं हळदकुंकू पिवळट-तांबडं होऊन बसलेलं. आईने ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेली. कारकुनाने झेरॉक्स चालणार नाही, मूळ प्रत लागेल म्हणून सांगितलं, ठोकळ्यावर ठेवली आणि टॅगसाठी भोक पाडलं. भोक गणपतीच्या सोंडेतून गेलं. आई काही बोलली नाही. बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं आणि बराच वेळ पदर तोंडावरून काढला नाही.

पेन्शन मिळाली. थकबाकीही मिळाली. तुमच्या दृष्टीने प्रकरण निकाली.

म्हणून म्हणते, त्या दातेरी कडेचं पान समोर आलं तेव्हा मला कादंबरी आठवली नाही.

राहिलेल्या मुद्द्यांवर फार लिहीत नाही. ॲरन साराला दोन लेकरांसह टाकून गेला आणि त्याने दुसरी केली, यात सारानं काय केलं? तरुण मुलींचं म्हणाल तर या युद्धातल्या सैनिकाची पेन्शन घेणारी शेवटची विधवा व्हरमाँटची एस्थर डेमन, १९०६ला वारली. तिचं लग्न १८३५चं, ती २१ची आणि नवरा पंचाहत्तरीचा. तिला पात्र ठरवणारा कायदा आला १८५३ला. अठरा वर्षांनी येणाऱ्या कायद्याच्या आशेवर कोणी लग्न करत नाही. काही जणींनी पुढे पैशाकडे बघून केलंही असेल, पण माझा लेख त्यांच्यावर नव्हता.

यापुढे प्रतिक्रिया लिहाल तर जरूर लिहा, चुका दाखवा. ‘बाई’ एवढं वगळा.

आणि एक विचारायचं होतं. रागाने विचारत नाही. आई आता ७८ची आहे. ती पत्रिका परत मिळेल का, हे तिने मला दिवाळीत पुन्हा विचारलं. तुम्ही याच खात्यात होतात. तीस वर्षांपूर्वी बंद झालेल्या कुटुंब निवृत्तीवेतनाच्या प्रकरणातला मूळ कागद परत हवा असेल तर अर्ज कोणाच्या नावे करायचा, आणि असे कागद अजून ठेवलेले असतात का, हे तुम्हाला ठाऊक असेल. सांगितलंत तर उपकार होतील.